ब्रेक्झिट, बीबीसीचा तराजू आणि पक्षांतली फूट : निःपक्षपातीपणा मोजायचा कशाने?

लंबक (धागाकर्ता)

ब्रेक्झिटच्या काळातल्या बातम्यांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. बीबीसी रिमेनवाल्यांच्या (युरोपीय संघात राहू म्हणणाऱ्यांच्या) ताटाखालचं मांजर होती, हा एक. बीबीसीने लीव्हवाल्यांच्या (बाहेर पडू म्हणणाऱ्यांच्या) थापा मुकाट खपवून घेतल्या, हा दुसरा. यावर संपादकांचं ठरलेलं उत्तर असतं : दोन्हीकडून शिव्या येतायत ना, मग आमचं बरोबर चाललंय. हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. दोन्ही तक्रारी आपापल्या जागी खऱ्या असू शकतात.

माझं म्हणणं असं की ब्रिटनमधली निःपक्षपातीपणाची सगळी मोजदाद राजकीय पक्ष हे माप धरून उभी राहिली. ब्रेक्झिटची रेघ मात्र पक्षांच्या आतून गेली, आणि तिथेच माप निकामी झालं.

आधी नियम पाहू, म्हणजे पुढची चर्चा हवेत जाणार नाही. टीव्ही आणि रेडिओवर निःपक्षपातीपणाचं बंधन २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टने आहे. त्यावर ऑफकॉम या नियामकाची प्रसारण संहिता आहे. तिचा पाचवा भाग एरवीच्या राजकीय बातम्यांसाठी, सहावा निवडणूक आणि सार्वमतासाठी. मोठ्या राजकीय वादात महत्त्वाची सगळी मतं यावीत आणि प्रत्येकाला त्याच्या वजनाप्रमाणे जागा मिळावी, असं पाचवा भाग सांगतो. प्रत्येकाला सारखी मिनिटं द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. तोल एकाच कार्यक्रमात साधायची सक्तीही नाही. मालिकेचे सगळे भाग मिळून साधला तरी चालतो.

आता गंमत बघा. २३ जून २०१६ च्या सार्वमताच्या वेळी बीबीसीला ऑफकॉमचे हे दोन भाग लागूच नव्हते. तेव्हा निवाडा बीबीसी ट्रस्ट हे बीबीसीवर देखरेख ठेवणारं मंडळ करायचं. ऑफकॉमकडे बीबीसीची सूत्रं आली एप्रिल २०१७ मध्ये. त्यामुळे 'ऑफकॉमने २०१६ मध्ये बीबीसीला का झापलं नाही' या प्रश्नाला अर्थ नाही.

आणि पक्षांची अवस्था? हुजूर पक्षाच्या ३३० खासदारांपैकी सुमारे १८५ रिमेनचे, १३८ लीव्हचे. मजूर पक्षात २१८ विरुद्ध १०. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी मंत्र्यांवरचं सामूहिक जबाबदारीचं, म्हणजे सरकारची एकच भूमिका मांडण्याचं, बंधन सार्वमतापुरतं उठवलं, म्हणून गोव्ह, ग्रेलिंग, डंकन स्मिथ, व्हिलियर्स, व्हिटिंगडेल आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीला हजर राहणाऱ्या प्रीती पटेल असे सहा जण पंतप्रधानांच्या विरोधात उघड प्रचाराला लागले. 'सरकारची बाजू' आणि 'विरोधकांची बाजू' हे दोन रकाने तेव्हाच कोलमडले.

जाणकारांनी भर घालावी. नुसतं 'सगळी मीडिया विकाऊ' एवढंच लिहायचं असेल तर दुसरे धागे आहेत.


चष्मेवाला

चांगला धागा. रकाने कोलमडल्यावर नवे कसे आखले गेले ते सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे.

२००० च्या पक्ष आणि सार्वमतविषयक कायद्यानुसार निवडणूक आयोग प्रत्येक बाजूची एक अधिकृत संघटना नेमतो. १३ एप्रिल २०१६ ला लीव्हसाठी 'व्होट लीव्ह' आणि रिमेनसाठी 'ब्रिटन स्ट्राँगर इन युरोप' यांची निवड झाली. अधिकृत झाल्यावर काय मिळतं? खर्चाची मर्यादा ७० लाख पौंड, आयोगाकडून ६ लाख पौंडांपर्यंत अनुदान, मतदारांना एक पत्रक फुकट पोचवण्याची सोय आणि टीव्हीवर प्रचाराची ठरावीक प्रक्षेपणं. ब्रिटनमध्ये टीव्हीवर राजकीय जाहिरात विकत घेता येत नाही, त्यामुळे हे शेवटचं कलम सोन्याच्या मोलाचं.

अधिकृत संघटनेची खर्चमर्यादा १५ एप्रिलपासून, म्हणजे सार्वमताचा औपचारिक काळ सुरू झाल्यावर लागू झाली. सरकारने ९३ लाख पौंड खर्चून २ कोटी ७० लाख घरांत रिमेनच्या बाजूचं पत्रक पाठवलं, त्याची इंग्लंडमधली वाटणी बरोबर त्याआधीच्या आठवड्यात उरकली. सरकारी यंत्रणेवर प्रचारबंदी लागली ती मतदानाआधीचे शेवटचे २८ दिवस. कायद्यात बसवून काम कसं साधावं याचा हा धडाच.

आता वाहिन्यांची पंचाईत. अधिकृत संघटना म्हणजेच बाजू का? युरोपीय संघविरोधी युकिप पक्षाचे नेते फराज यांचा गट अधिकृत ठरला नव्हता, पण लीव्ह म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फराजच येत. आयटीव्हीने ७ जूनच्या कार्यक्रमाला कॅमेरून यांच्याबरोबर फराज यांना बोलावलं, तर व्होट लीव्ह चवताळली आणि वाहिनीला परिणामांची धमकी दिली. बीबीसीने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत तोल 'युक्तिवादांमध्ये' हवा, केवळ अधिकृत संघटनांमध्ये नव्हे, असं लिहून ही अडचण आधीच सोडवून ठेवली होती. कागदावर तरी.


उलटतपासणी

लंबकराव, मुद्दा पटतो पण अर्धाच. माप निकामी झालं म्हणता, मग नवं माप तर होतं ना? लीव्ह आणि रिमेन. दोन बाजू, दोन पारडी. पक्षांपेक्षा सोपंच की.


लंबक

सोपं दिसतं, पण त्या नव्या मापाने पक्षांचं चित्र किती विकृत झालं ते एका उदाहरणात पाहू.

दोन मोठ्या वादसभा. ९ जूनला आयटीव्हीवर रिमेनकडून स्टर्जन (स्कॉटिश राष्ट्रवादी), अँबर रड (हुजूर), अँजेला ईगल (मजूर). २१ जूनला वेम्बलीत बीबीसीवर रिमेनकडून सादिक खान (मजूर), रूथ डेव्हिडसन (हुजूर) आणि कामगार संघटनांच्या फ्रान्सेस ओग्रेडी. लीव्हकडून दोन्ही वेळा तेच तिघे : जॉन्सन, लेडसम (दोघे हुजूर), गिसेला स्टुअर्ट (मजूर). तीनास तीन. बाजूंचा तोल काटेकोर.

आता हेच पक्षाप्रमाणे मोजा. आयटीव्हीवर मजूर पक्षाच्या दोन व्यक्ती, एक रिमेनची, एक लीव्हची. वेम्बलीतही तसंच. पाहणाऱ्याला वाटणार, मजूर पक्ष मधोमध दुभंगलाय. वस्तुस्थिती २१८ विरुद्ध १०! त्या दहांपैकी एक असलेल्या स्टुअर्टबाई दोन्ही रात्री पडद्यावर, आणि २१८ जणांच्या वाट्यालाही दर रात्री एकच खुर्ची. हुजूर पक्षाचं उलटं. तिथे बहुमत रिमेनचं, पण दोन्ही रात्री रिमेनचा एक आणि लीव्हचे दोन.

यात वाहिन्यांची लबाडी नव्हती. माणसं निवडण्याचा हक्क बहुतांशी प्रचारसंघटनांचा, आणि व्होट लीव्हने मजूर पक्षाचा चेहरा पुढे ठेवला तो हिशेबानेच. एका बाजूने तोल साधला की दुसरीकडून तो जाणारच, अशी ही रचना होती.


तळटीप

व्होट लीव्हच्या प्रचारबसवर रंगवलेल्या ३५ कोटी पौंडांबद्दल कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच आकडे नीट मांडतो.

'दर आठवड्याला युरोपीय संघाला ३५ कोटी पौंड' हा आकडा ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सवलत वजा करण्यापूर्वीचा. थॅचरबाईंनी १९८४ मध्ये मिळवलेली सवलत ब्रसेल्सला जाऊन परत येत नाही, ती आधीच कापली जाते. म्हणजे ते पैसे ब्रिटनबाहेर जातच नव्हते. सवलत वजा केली की आकडा २५ कोटींच्या आसपास. त्यातून शेती अनुदान, मागास भागांसाठीचा निधी, संशोधन असं परत येणारं वजा केलं की आणखी बराच खाली. यूके स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीचे अध्यक्ष अँड्र्यू डिल्नॉट यांनी मे महिन्यात जाहीरपणे हा वापर दिशाभूल करणारा ठरवला. बस फिरतच राहिली.

दुसऱ्या बाजूलाही बघू. अर्थमंत्रालयाने एप्रिलमध्ये सांगितलं की बाहेर पडल्यास २०३० पर्यंत दर कुटुंबामागे ४,३०० पौंडांचा फटका. हा आकडा काढला कसा? अर्थव्यवस्थेच्या एकूण आकारमानातली अंदाजित घट भागिले कुटुंबं. लोकांना वाटलं पगारातून ४,३०० जाणार. संसदेच्या अर्थविषयक समितीने मेच्या अखेरीस दोन्ही आकड्यांवर ताशेरे ओढले. त्या समितीत दोन्ही बाजूंचे खासदार होते, हे विशेष.

बातमीत काय झालं? 'व्होट लीव्ह म्हणते ३५ कोटी, विरोधक म्हणतात हे चूक.' संपलं. पत्रकाराने कोण बरोबर ते सांगायचं की नाही, हा खरा वाद. ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे वरात निघून गेल्यावर, बीबीसी ट्रस्टने नेमलेल्या समितीचा आकडेवारीबद्दलचा अहवाल आला. माजी राष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञ जिल मॅथेसन अध्यक्ष होत्या. वार्ताहरांनी चुकीच्या आकड्यांना धीटपणे आव्हान द्यावं, असं त्यात सांगितलं.

तज्ज्ञांचंही तसंच. मे २०१६ मध्ये इप्सॉस मोरीने अर्थतज्ज्ञांना विचारलं, तेव्हा ८८ टक्के म्हणाले की बाहेर पडल्याने पुढल्या पाच वर्षांत वाढ मंदावेल. स्टुडिओत मात्र एक इकडचा, एक तिकडचा. तिकडचे बहुतेक वेळा पॅट्रिक मिनफर्ड. प्रेक्षकाला वाटणार अर्थशास्त्र निम्मंनिम्मं वाटलं गेलंय.


उलटतपासणी

तळटीप, इथे जरा थांबा. ८८ टक्के अर्थतज्ज्ञ एका बाजूला म्हणून ८८ टक्के वेळ त्यांना द्यायचा का? सार्वमत फक्त आर्थिक वाढीवर नव्हतं. सार्वभौमत्व, स्थलांतर, न्यायालयांचा अधिकार यांवर कोणता तज्ज्ञ टक्केवारी काढणार? शिवाय गोव्ह यांचं 'लोकांना तज्ज्ञांचा वीट आलाय' या अर्थाचं ते वाक्य घ्या. ३ जूनला स्काय न्यूजवर ते म्हणाले ते आद्याक्षरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आणि सतत चुकत आलेल्या संस्थांतल्या तज्ज्ञांबद्दल. दाखवलं गेलं ते पहिल्या अर्ध्या वाक्यावर कापून. रिमेनवाले आजही तेच अर्धं वाक्य फिरवतात. अचूकतेची पट्टी दोन्हीकडे लावा.


तळटीप

लावतोच. मी वेळ वाटायचं म्हणत नाहीये. दोघे समोर बसवल्यावर 'या विषयात बहुतांश अर्थतज्ज्ञांचं मत असं आहे' हे एक वाक्य निवेदकाने बोलायला कोणाची हरकत असावी? पाच सेकंदांचं काम. आणि गोव्ह यांच्या वाक्याबद्दल पूर्ण सहमत.


खारीचा_वाटा

वृत्तपत्रांना हे काहीच लागू नाही का? डेली मेलचं न्यायाधीशांबद्दलचं ते पहिलं पान आठवतंय.


पहिलं_पान

नाही. वृत्तपत्राने बाजू घ्यायला पूर्ण मोकळीक आहे. इप्सो ही बहुतेक पेपरांची स्वनियमन संस्था फक्त अचूकता, खासगीपणा वगैरे बघते. निःपक्षपातीपणा हा तिचा विषयच नाही.

सार्वमतात लीव्हकडे सन, डेली मेल, टेलिग्राफ, एक्स्प्रेस आणि संडे टाइम्स. रिमेनकडे गार्डियन, मिरर, फायनान्शियल टाइम्स, टाइम्स आणि मेल ऑन संडे. यादी नीट वाचा. टाइम्स आणि संडे टाइम्स एकाच मर्डॉकच्या घरातले. डेली मेल आणि मेल ऑन संडेही एकाच मालकाचे. फूट पक्षांत होती तशी छापखान्यांतही होती, आणि ती संपादकाप्रमाणे पडली होती. मेलचे पॉल डेकर कट्टर लीव्हचे, मेल ऑन संडेचे जॉर्डी ग्रेग रिमेनचे. सप्टेंबर २०१८ मध्ये ग्रेग डेली मेलचे संपादक झाले आणि तोच पेपर तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेल्या कराराचा कैवार घेऊ लागला. वाचक तेच, मालक तेच.

अचूकतेच्या कलमाखाली एक मोठं प्रकरण झालं : सनचं ९ मार्च २०१६ चं 'राणी ब्रेक्झिटच्या बाजूने' या अर्थाचं पहिलं पान. राजवाड्याने तक्रार केली. इप्सोचा निर्णय मे महिन्यात आला : मथळा लक्षणीय दिशाभूल करणारा, कारण खालचा मजकूर त्याला आधार देत नाही. इथे शिकण्यासारखं हे की पडला तो मथळा. आतल्या बातमीपेक्षा मथळ्यात जास्त दावा करणं ही नेहमीची चूक, आणि तीच सगळ्यात आधी पकडली जाते.

तुम्ही म्हणता ते 'जनतेचे शत्रू' पान ४ नोव्हेंबर २०१६ चं, जीना मिलर खटल्याच्या उच्च न्यायालयातल्या निकालानंतरचं (संसदेच्या संमतीशिवाय सरकारला बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करता येणार नाही, हा तो निकाल). पण पक्षफुटीच्या दृष्टीने मला १५ नोव्हेंबर २०१७ चा टेलिग्राफ जास्त महत्त्वाचा वाटतो. हुजूर पक्षाच्या १५ खासदारांचे फोटो ओळीने लावून त्यांना 'बंडखोर खलाशी' ठरवलं. म्हणजे हुजूर पक्षाचा घरचा पेपर हुजूर पक्षाच्याच खासदारांची ओळखपरेड काढतोय! व्हिप, म्हणजे पक्षप्रतोद, जे काम बंद दाराआड करतो ते पहिल्या पानावर झालं.


लॉबीतला

'बंडखोर' हा शब्द आलाच आहे तर मतमोजणीबद्दल लिहितो. २०१९ च्या बातम्यांत सगळ्यात जास्त घोळ इथे झाला.

मे यांचा करार तीनदा पडला :
१५ जानेवारी – २०२ विरुद्ध ४३२
१२ मार्च – २४२ विरुद्ध ३९१
२९ मार्च – २८६ विरुद्ध ३४४

पहिल्या वेळी हुजूर पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले. तिसऱ्या वेळी ३४. मथळा काय? 'बंडखोर घटले.' ठीक आहे, पण त्या ३४ मध्ये २८ जण करार फार मवाळ आहे म्हणून विरोधात, आणि ६ जण दुसरं सार्वमत किंवा युरोपशी जास्त जवळीक हवी म्हणून. एकाच दारातून बाहेर पडलेली ही दोन टोकं. पडद्यावर ३४ हा एक आकडा दाखवला की प्रेक्षकाला वाटतं यांची एक फळी आहे. तेव्हा संसदेची बातमी वाचताना तीन गोष्टी बघाव्यात : पक्षादेशाविरुद्ध किती गेले, कोणत्या दिशेने गेले, आणि गैरहजर किती. तिसरी गोष्ट तर बुलेटिनमध्ये जवळपास कधीच नसते.

मजूर पक्षाचंही असंच. कलम ५० लागू करण्याच्या, म्हणजे संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करण्याच्या, विधेयकावर १ फेब्रुवारी २०१७ ला ४९८ विरुद्ध ११४. पक्षादेश 'बाजूने' होता, तरी मजूर पक्षाचे ४७ विरोधात. हुजूर पक्षातून विरोधात फक्त केन क्लार्क. अडीच वर्षांनी, ३ सप्टेंबर २०१९ ला, हुजूर पक्षाने २१ जणांचा व्हिप काढून घेतला, म्हणजे त्यांना संसदीय पक्षातून बाहेर काढलं, त्यात क्लार्कही होते आणि माजी अर्थमंत्री हॅमंडही. आता बातमीदाराने सांगा, व्हिप गेलेल्या हॅमंड यांना चर्चेला बोलावलं तर ते कोणाच्या वेळेत धरायचे? हुजूर पक्षाच्या, अपक्षांच्या की रिमेनच्या? कोणत्याही रकान्यात टाका, दुसरं कोणीतरी तक्रार करणार.


उलटतपासणी

हा हॅमंड प्रश्न चांगला आहे. पण माझ्या मते सगळ्यात मोठा पक्षपात कुठल्याच रकान्यात दिसत नाही. लफबरो विद्यापीठाने २०१६ च्या प्रचारातली टीव्ही आणि वृत्तपत्रं मोजली. सगळ्यात जास्त दिसलेले पाच जण : कॅमेरून, जॉन्सन, ऑस्बर्न, फराज, गोव्ह. पाचातले चार हुजूर पक्षाचे. मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन पहिल्या पाचांत नाहीत. लीव्ह-रिमेन पारडी समान, आणि तरी सगळा खेळ एका पक्षाच्या घरगुती भांडणाचा. अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी १५ जूनला ३० अब्ज पौंडांच्या आणीबाणीच्या अर्थसंकल्पाची भीती घातली, तर त्यांच्याच पक्षाच्या ५७ खासदारांनी तो पाडू असं जाहीर केलं. बातमी म्हणून जबरदस्तच. मजूर पक्षाच्या सभेला कोण कॅमेरा पाठवणार?


लंबक

बरोबर, आणि थोडा दोष मजूर पक्षाच्या पदरातही जातो. कॉर्बिन यांनी चॅनल फोरच्या विनोदी कार्यक्रमात युरोपीय संघाबद्दलच्या उत्साहाला दहापैकी सात-साडेसात गुण दिले. प्रचाराच्या ऐन रंगात असा नेता असेल तर संपादक तरी काय करणार. पण मूळ गोष्ट तीच : चुरस आणि भांडण यांना बातमीमूल्य जास्त, म्हणून फुटलेला पक्ष एकसंध पक्षापेक्षा जास्त दिसतो. मिनिटं मोजणाऱ्याला हे सापडत नाही.


मोजपट्टी

मग काय मोजायचं ते लिहितो. मराठी वाहिन्यांच्या बातम्यांवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल.

नमुना आधी ठरवा : ठरावीक बुलेटिन, ठरावीक वेळ, सलग किमान दोन आठवडे. मनाला येईल ती क्लिप उचलली तर हवा तो निष्कर्ष निघतो. एकक 'बातमी' न धरता 'एका व्यक्तीचं सलग बोलणं' धरा. प्रत्येक नोंदीला हे रकाने : कोण बोललं, पक्ष, बाजू, सेकंद, थेट मुलाखत की कापलेली क्लिप, प्रतिप्रश्न आला का, बुलेटिनमध्ये कितवी बातमी. पक्ष आणि बाजू हे दोन वेगळे रकाने हवेतच, नाहीतर ब्रेक्झिटसारख्या विषयात अर्धी माहिती वाया जाते. नंतर या दोन रकान्यांचा उभा-आडवा तक्ता मांडा. लंबक यांनी वेम्बलीचं दाखवलं ते या तक्त्यात एका नजरेत दिसतं.

चुकतं कुठे? पहिली जागा म्हणजे वार्ताहराचं स्वतःचं निवेदन. नेत्याची क्लिप १२ सेकंद, त्याच्या मताचा गोषवारा वार्ताहर ४० सेकंद सांगतो, आणि नोंद फक्त १२ ची होते. त्यासाठी 'कोणाचं मत सांगितलं जातंय' असा रकाना वेगळा ठेवा.

दुसरी जागा रस्त्यावरच्या लोकांची मतं. सार्वमतानंतर वार्ताहर लीव्हच्या बालेकिल्ल्यांत सारखे जात. स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये लीव्ह ६९.४ टक्के. तिथे एक लीव्हवाला, एक रिमेनवाला दाखवला तर गावाचं चित्र चुकतं. फक्त लीव्हवाले दाखवले तर दहातले तीन गायब. आणि देशभरच्या बातमीत रोज स्टोकच, रिमेनचा बालेकिल्ला असलेलं लंडनमधलं लॅम्बेथ कधीच नाही, तर देशाचं चित्र चुकतं. गावनिवडीचीही नोंद ठेवा.

तिसरी गोष्ट, किमान एक दशांश नोंदी दोघांनी एकमेकांना न दाखवता कराव्यात आणि ताडून पाहाव्यात. 'प्रतिप्रश्न आला का' या रकान्यात हमखास भांडण होतं. कारण आपल्या नावडत्या नेत्याला विचारलेला प्रश्न आपल्याला नेहमी मऊच वाटतो.


खारीचा_वाटा

मोजपट्टी यांचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. तक्रार करायची तर पायऱ्या काय?


चष्मेवाला

वाहिनीप्रमाणे वेगळ्या. आयटीव्ही, स्काय, चॅनल फोर असेल तर थेट ऑफकॉमकडे, प्रसारणापासून २० कामकाजी दिवसांत. बीबीसी असेल तर आधी बीबीसीकडेच, ३० कामकाजी दिवसांत. पहिलं उत्तर पटलं नाही तर पुन्हा त्याच पायरीवर, मग एक्झिक्युटिव्ह कंप्लेंट्स युनिट, आणि त्यानंतरच ऑफकॉम. पायरी चुकवलीत तर ऑफकॉम परत पाठवतं.

तक्रारी फसतात त्या बहुतेक एकाच कारणाने. लोक लिहितात, 'तुमची वाहिनी पक्षपाती आहे'. असं चालत नाही. कार्यक्रम, तारीख, वेळ, नेमकं वाक्य आणि संहितेचा कोणता नियम मोडला, एवढं द्यायचं. आणि संख्येने काही होत नाही. २९ मार्च २०१९ ला लीव्हवाल्यांच्या मोर्चाच्या बातमीत चॅनल फोरचे जॉन स्नो 'इतके गोरे लोक एका जागी कधी पाहिले नाहीत' अशा अर्थाचं बोलले. २,६०० हून जास्त तक्रारी गेल्या. ऑफकॉमने नियमभंग नाही म्हणून सांगितलं. उलट बीबीसीच्या न्यूजनाइटवर एमिली मेटलिस यांनी ब्रेक्झिटवरच्या चर्चेत स्तंभलेखक रॉड लिडल यांना ज्या सुरात घेतलं, ती तक्रार बीबीसीच्याच युनिटने मान्य केली.


लॉबीतला

रिकाम्या खुर्चीचं राहिलं. २८ नोव्हेंबर २०१९ ला, सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारात, चॅनल फोरने पक्षनेत्यांची हवामानबदलावर वादसभा ठेवली. जॉन्सन आणि फराज आले नाहीत, त्यांच्या जागी बर्फाचे वितळते गोल ठेवले. जॉन्सन यांच्या बदली गोव्ह स्टुडिओत जाऊन उभे राहिले, तर वाहिनी म्हणाली फक्त नेते. हुजूर पक्ष ऑफकॉमकडे गेला. ३ डिसेंबरला निकाल : नियमभंग नाही. बर्फ म्हणजे जॉन्सन यांची व्यक्तिशः प्रतिमा नव्हे, आणि पक्षाची भूमिका कार्यक्रमात इतर मार्गांनी आली होती. निर्माते मंडळींनी यातला दुसरा भाग पाठ करावा. खुर्ची रिकामी ठेवायला हरकत नाही, पण त्या पक्षाची भूमिका कोणीतरी नीट मांडली पाहिजे. ते केलं नसतं तर निकाल उलटा गेला असता असं माझं मत.

अँड्र्यू नील यांची बीबीसीवरची मुलाखत जॉन्सन यांनी दिलीच नाही. बाकीचे नेते, कॉर्बिन धरून, आधीच भाजून निघाले होते. ५ डिसेंबरला नील यांनी कॅमेऱ्याकडे बघून न विचारलेले प्रश्न वाचून दाखवले. मजूर पक्षाची तक्रार रास्त होती : सगळ्यांची तारीख पक्की होईपर्यंत पहिल्याला बोलवायलाच नको होतं.


मांडवी

एका गटाबद्दल कोणीच बोललं नाही. ज्यांना मतच नव्हतं ते.

सार्वमताचा मतदार ठरवला सार्वत्रिक निवडणुकीच्या नियमाने. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांना मत होतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करणाऱ्या पुणेकरालाही. युरोपीय संघाच्या नागरिकांना नव्हतं, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून. आता स्विंडनमधले गोंयकार घ्या. सासष्टीतल्या एकाच वाड्यावरचे दोघे. एक भारतीय पासपोर्टवर गेला, त्याला मत. दुसरा आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेला, त्याला नाही. आणि ज्याला मत नव्हतं त्याचंच राहणं पणाला लागलेलं. पुढे त्याला ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्कासाठी सेटलमेंट स्कीमचा अर्ज करावा लागला, मुदत ३० जून २०२१.

बातम्यांच्या तोलात अशी माणसं कुठे बसतात? लीव्ह-रिमेन या दोन पारड्यांत प्रचारक बसतात, झालंच तर मतदार. युरोपीय संघाचे सुमारे ३० लाख नागरिक बातमीत आले ते 'स्थलांतराचा प्रश्न' म्हणून. बोलणारे कमी, ज्यांच्याविषयी बोललं जातंय असेच जास्त. मोजपट्टी, तुमच्या तक्त्यात यांच्यासाठी रकाना आहे का?


मोजपट्टी

मांडवीताई, 'विषय म्हणून आला की बोलणारा म्हणून' असा रकाना घालता येतो, आणि घालावाच. नियामक मात्र तो मागत नाही, त्याला वजन लागतं मतांचं.


उलटतपासणी

मतांचं वजन म्हणालात, तर नवीन पक्षाचं वजन कसं काढतात? २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रेक्झिट पक्षाला जाहीरपणे मैदानात उतरून दीड महिनाही झाला नव्हता.


लंबक

२०१७ पर्यंत ऑफकॉम 'मोठ्या पक्षां'ची यादीच काढायचं. मार्च २०१७ मध्ये ती रद्द केली. आता वाहिनीने स्वतः ठरवायचं : मागच्या निवडणुकांतला पाठिंबा आणि/किंवा सध्याचा पाठिंबा, दोन्ही बघून. ब्रेक्झिट पक्ष १२ एप्रिल २०१९ ला जाहीरपणे मैदानात उतरला, मतदान २३ मेला. मागचा पाठिंबा शून्य, पण जनमत चाचण्यांत पुढे, म्हणून मोठ्या पक्षासारखी जागा मिळाली. उलट युकिपची मागची कामगिरी दणदणीत, सध्याची शून्याच्या वाटेवर. मजूर आणि हुजूर पक्षातून फुटून निघालेल्या ११ खासदारांच्या चेंज यूकेकडे संसदेत माणसं होती, पण मागचा पाठिंबा नाही आणि चाचण्यांतही तोळामासा. प्रत्येकाला वेगळी पट्टी लावावी लागली. यात एक धोका आहे : चाचण्यांवर जागा ठरते, जागा मिळाली की चाचणीत आकडा चढतो. यावर उतारा म्हणून एका चाचणीऐवजी अनेक चाचण्यांची दिशा बघतात. तेवढाच.

निकालही बघा. ब्रेक्झिट पक्ष ३०.५ टक्के आणि २९ जागा, लिबरल डेमोक्रॅट १६, मजूर १०, ग्रीन ७, हुजूर पक्ष ४. त्या रात्री 'कोण जिंकलं' याची दोन उत्तरं देता येत होती. ब्रेक्झिट पक्ष आणि युकिप मिळून सुमारे ३४ टक्के. लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, स्कॉटिश आणि वेल्श राष्ट्रवादी, चेंज यूके मिळून सुमारे ३९. मधले मजूर आणि हुजूर यांची २२-२३ टक्के मतं कुठे टाकायची? हुजूर लीव्हमध्ये टाका, मजूर रिमेनमध्ये टाका, असं काहींनी केलं. ॲशक्रॉफ्ट यांच्या सार्वमताच्या दिवशीच्या पाहणीत मजूर पक्षाच्या मतदारांपैकी ६३ टक्केच रिमेनचे होते आणि हुजूर पक्षाच्या मतदारांपैकी ५८ टक्केच लीव्हचे. म्हणजे अख्खा पक्ष एका बाजूला टाकणं साफ चूक. त्या रात्री पक्षांचे आकडे वेगवेगळे दाखवून, बेरीज न करता थांबणं एवढाच प्रामाणिक मार्ग होता.


लॉबीतला

बेरीज न करता रात्रभर स्टुडिओ चालवून दाखवा, मग बोलू :)